वचन न देणारं जाळं

आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयातली पुस्तकांची तालिका संगणकावर गेली, कार्डांचे लाकडी ड्रॉवर अडगळीच्या खोलीत गेले, आणि ग्रंथपाल म्हणून माझं निम्मं लक्ष भिंतीतून गेलेल्या एका निळ्या केबलवर राहू लागलं. सर्व्हर माझ्या टेबलाशेजारी, विद्यार्थ्यांचे संगणक वाचनकक्षात. पडद्यावर सर्व्हर सापडत नसल्याचा संदेश आला की मुलं काउंटरशी जमायची. दुरुस्तीला माणूस यायचा तो जिल्ह्याच्या गावाहून, आणि पावसाळ्यात घाटात दरड कोसळली की तोही अडकायचा. मग फोनवर तो विचारायचा, “मॅडम, पिंग जातंय का?” ते कुठे जातं, आणि गेलं म्हणजे नेमकं काय घडलं, याचा मला पत्ता नव्हता. रोज हाताखालून जाणारी गोष्ट आपल्याला समजत नाही, हे मला सहन होईना. म्हणून नेटवर्किंग मुळापासून शिकायचं ठरवलं.

संगणकशास्त्र विभागातून फोरोझनचं ‘डेटा कम्युनिकेशन्स अँड नेटवर्किंग’ आणलं. आपल्याकडच्या कितीतरी अभ्यासक्रमांत ते लावलेलं असतं. सुरुवातीलाच सात थरांची उतरंड समोर आली: फिजिकल, डेटा लिंक, नेटवर्क, ट्रान्सपोर्ट, सेशन, प्रेझेंटेशन, ॲप्लिकेशन. नावं पाठ झाली, पण गोंधळ वाढतच गेला. हे थर असतात कुठे? केबलमध्ये? स्विचच्या पेटीत? विंडोजमध्ये? एका व्हिडिओत थर सात होते, दुसऱ्यात पाच, तिसऱ्यात चार. कोणाचं खरं मानायचं?

बऱ्याच वाचनानंतर कळलं की थर म्हणजे कामाची वाटणी आहे. प्रत्येक थर आपलं काम करतो आणि खालच्याकडून एक ठरावीक सेवा मागतो. ती तो कशी पुरवतो याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. सात थरांचा आराखडा आयएसओ या आंतरराष्ट्रीय संस्थेनं १९८४ साली मानक म्हणून प्रसिद्ध केला. त्याच्या आधीच, १ जानेवारी १९८३ रोजी, अमेरिकेतलं आर्पानेट हे जाळं टीसीपी-आयपी या नियमांवर गेलं होतं. आजचं इंटरनेट चालतं ते या टीसीपी-आयपीवर, आणि त्यात इतके थर मोजलेलेच नाहीत. म्हणजे परीक्षेतला आराखडा एक आणि वापरातला दुसरा. नवशिक्याला ही गोष्ट पहिल्याच पानावर का सांगत नाहीत, हे मला अजूनही समजलेलं नाही.

पुस्तक मिटलं आणि केबलकडे वळले. तंत्रज्ञ जॅक बदलायला आला होता, त्याला म्हटलं, “मला करू दे.” त्यानं क्रिम्पिंगची पक्कड हातात दिली. वरचं निळं आवरण सोललं की आत आठ तारा, दोन-दोनच्या चार जोड्या, प्रत्येक जोडी एकमेकींभोवती पिळलेली. त्यांचा क्रम ठरलेला: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. मी तारा सरळ करत होते, तर तो म्हणाला, “मॅडम, पीळ जास्त उलगडू नका. तेवढ्याच भागात गडबड होते.” का, ते त्याला सांगता आलं नाही. पण त्याच्या हाताला ते ठाऊक होतं.

कारण मग मी शोधून काढलं. संदेश जोडीतल्या एका तारेवर जसा जातो, त्याच्या बरोबर उलटा दुसरीवर जातो, आणि पलीकडचं यंत्र फक्त दोन्हींमधला फरक वाचतं. बाजूनं पंख्याची किंवा ट्यूबलाइटची वायर गेली असेल तर तिचा त्रास दोन्ही तारांना होतो. तारा पिळलेल्या असल्यामुळे आलटून पालटून दोघीही त्या वायरच्या सारख्याच जवळ येतात, म्हणून त्रासही सारखाच होतो आणि वजाबाकीत निघून जातो. टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहम बेलनं या पिळलेल्या जोडीचं पेटंट १८८१ साली घेतलं होतं. इतकी जुनी युक्ती आजही आमच्या वाचनकक्षापर्यंत पुस्तकांची नावं पोचवते. हे समजलं त्या दिवशी सात थरांतला सगळ्यात खालचा मला पहिल्यांदा दिसला.

गोंगाटाचा विषय निघाला की क्लॉड शॅनन येतोच. बेल प्रयोगशाळेतल्या या गणितज्ञानं १९४८ साली दाखवून दिलं की कुठल्याही वाहिनीतून सेकंदाला किती बिट नेता येतील याला एक कमाल मर्यादा असते, आणि ती दोन गोष्टींवर ठरते: वाहिनीची रुंदी, आणि गोंगाटाच्या तुलनेत संदेशाची ताकद. त्याचं सूत्र बघून मी आधी बिचकले. शेवटी कागद-पेन्सिल घेऊन एक उदाहरण सोडवलं. जुन्या टेलिफोनच्या ओळीची रुंदी सुमारे ३१०० हर्ट्झ धरली, आणि संदेश गोंगाटाच्या हजारपट ताकदीचा. उत्तर आलं सेकंदाला सुमारे ३१ हजार बिट. ओळ थोडी स्वच्छ असेल तर आकडा थोडा वर सरकतो. १५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमनं भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं, त्यानंतरच्या वर्षांत किर्र आवाज करत जोडणारे मॉडेम ज्यांनी वापरले त्यांना ३३.६ हा आकडा आठवत असेल. तो तिथेच का थांबला होता, हे मला त्या कागदावर दिसलं.

शॅननच्या म्हणण्याचा दुसरा अर्धा भाग मला जास्त मोठा वाटतो. मर्यादेच्या आत राहिलात तर गोंगाट असूनही चुका हव्या तितक्या कमी करता येतात. वाहिनी निर्दोष असावी लागत नाही. पुढे जे जे शिकले त्यात हाच विचार वेगवेगळ्या रूपांत भेटत गेला.

नंतर पत्त्यांशी गाठ पडली, आणि तिथे मी बराच काळ अडखळले. एकाच संगणकाला दोन पत्ते का? नेटवर्क कार्डावर ४८ बिटांचा मॅक पत्ता असतो, आणि त्याशिवाय ३२ बिटांचा आयपी पत्ता. एकानं भागत कसं नाही? उत्तर माझ्याच कपाटांत सापडलं. पुस्तक ग्रंथालयात आलं की त्याला दाखल क्रमांक मिळतो. तो कायमचा, त्याच प्रतीचा, पण पुस्तक कोणत्या फळीवर आहे हे त्यावरून कळत नाही. ते सांगतो वर्गांक. विषय-विभागाप्रमाणे तो दिला जातो, आणि पुस्तक दुसऱ्या विभागात हलवलं तर बदलतो. मॅक पत्ता दाखल क्रमांकासारखा, आयपी पत्ता वर्गांकासारखा. लाखो दाखल क्रमांकांमधून पुस्तक शोधत बसणं अशक्य, म्हणून जागा सांगणारा आकडा लागतो. (आजकालचे मोबाइल वाय-फायला जोडताना मॅक पत्ता मुद्दाम बदलतात. तो खासगीपणासाठी केलेला अपवाद आहे.)

या उदाहरणामुळे सबनेट मास्कही सुटला. २५५.२५५.२५५.० या आकड्यांकडे मी नुसती बघत राहायचे. तेच दोनच्या पायावर लिहिलं, तर २४ एक आणि त्यापुढे ८ शून्यं दिसली. म्हणजे पत्त्यातले पहिले २४ बिट जाळ्याचे, उरलेले ८ यंत्राचे. आठ बिटांचे २५६ आकडे. त्यातला पहिला खुद्द जाळ्याचा, शेवटचा सगळ्यांना एकदम हाक मारण्याचा, उरले २५४. संगणक काहीही पाठवण्याआधी हाच हिशेब करतो: समोरचा माझ्याच जाळ्यात आहे की बाहेर? आत असेल तर थेट, बाहेर असेल तर गेटवेकडे, म्हणजे जाळ्याच्या दारातल्या यंत्राकडे.

समोरचा आत असेल तर त्याचा मॅक पत्ता कसा कळतो, हे मी वायरशार्क नावाच्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये डोळ्यांनी पाहिलं. आमचा संगणक सगळ्या जाळ्याला विचारतो: १९२.१६८.१.१० कोणाकडे आहे? १९२.१६८.१.२५ला सांगा. बाकीचे गप्प राहतात, ज्याचा पत्ता आहे तो उत्तर देतो. इतकं साधं. शिकणाऱ्या प्रत्येकानं हे एकदा तरी बघावं. मात्र आपल्याच जाळ्यावर, आणि इतरांचं असेल तर परवानगी घेऊन.

१९२.१६८ने सुरू होणारा पत्ता माझ्या घरीही आहे, शेजारीही आहे, हे लक्षात आल्यावर आणखी एक कोडं पडलं. ३२ बिटांचे एकूण पत्ते ४,२९,४९,६७,२९६. जगाला ते पुरणार नाहीत हे १९९०च्या दशकातच दिसू लागलं होतं. म्हणून काही पत्ते खासगी जाळ्यांसाठी राखून ठेवले. कोणीही वापरावेत, पण बाहेरच्या इंटरनेटवर ते चालणार नाहीत. दारातला राउटर बाहेर जाणाऱ्या संदेशाच्या प्रत्येक तुकड्यावरचा पत्ता बदलून स्वतःचा घालतो आणि उत्तर आलं की पुन्हा उलटं करतो. फेब्रुवारी २०११मध्ये मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे पत्तेही वाटून संपले. १२८ बिटांची नवी पद्धत आहे, तिचा वापर वाढतो आहे, आणि जुनीही शेजारी चालूच आहे.

या शिक्षणाचा उपयोग मला लवकरच झाला. वाचनकक्षातला एक संगणक सर्व्हरला जोडेना. काळी खिडकी उघडून आयपीकॉन्फिग टाइप केलं, तर पत्ता १६९.२५४ने सुरू होणारा. पत्ता वाटणाऱ्या यंत्रणेकडून, म्हणजे डीएचसीपीकडून, उत्तर आलं नाही की विंडोज स्वतःच असा पत्ता घेतं. सर्व्हर ठीक होता, सॉफ्टवेअर ठीक होतं. या संगणकाचा आवाजच पलीकडे जात नव्हता. स्विचपाशी गेले, त्या पोर्टचा दिवा विझलेला. कपाटामागे उंदरानं केबल कुरतडली होती. जिल्ह्याहून कोणाची वाट न बघता आम्ही नवी पॅच कॉर्ड लावली आणि मुलं कामाला लागली.

आता ज्या गोष्टीनं मला खरा धक्का दिला तिच्याकडे येते. ग्रंथालयात प्रत्येक देवघेवीची नोंद होते. मधला माणूस जबाबदार असतो. तेव्हा इंटरनेटच्या मधल्या भागातही कोणीतरी प्रत्येक तुकड्याची नोंद ठेवत असेल, हरवला तर शोधत असेल, असं मी गृहीत धरलं होतं. तसं काहीच होत नाही.

संदेशाचे तुकडे करून पाठवण्याचा विचार १९६०च्या दशकात दोन ठिकाणी स्वतंत्रपणे पुढे आला. अमेरिकेत रँड संस्थेतल्या पॉल बॅरनला अणुहल्ल्यातही टिकेल असं संपर्कजाळं हवं होतं. ब्रिटनच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत डोनाल्ड डेव्हिस संगणक अनेकांनी वाटून कसे वापरावेत याचा विचार करत होता, आणि तुकड्याला पॅकेट हे नाव त्यानं दिलं. इथरनेटच्या, म्हणजे आमच्या केबलवरच्या जाळ्याच्या, एका फ्रेममध्ये साधारण १५०० बाइट मावतात, म्हणजे एक एमबीची पीडीएफ सातशेच्या आसपास तुकड्यांत जाते. प्रत्येक तुकडा स्वतंत्र. राउटर पत्ता वाचतो, पुढचा मार्ग ठरवतो, ढकलतो आणि विसरतो. गर्दी झाली तर टाकून देतो. फ्रेमच्या शेवटी ३२ बिटांची तपासणी असते. ती जुळली नाही तर फ्रेम गुपचूप फेकली जाते. आयपीचा मानक दस्तऐवज सप्टेंबर १९८१चा आहे आणि कोणालाही वाचता येतो. पोचण्याची हमी नाही, क्रमाची नाही, एकच तुकडा दोनदा येणार नाही याचीही नाही, हे त्यातून स्पष्ट होतं.

हे असं का केलं? आर्पानेट सुरुवातीला असं नव्हतं. तिथे मधली यंत्रं पोचवण्याची जबाबदारी घेत. फ्रान्समध्ये लुई पूझाँ यानं १९७०च्या दशकात सिक्लाद नावाचं जाळं उभारलं आणि जबाबदारी दोन टोकांच्या संगणकांवर टाकली. विंट सर्फ आणि बॉब काह्न यांनी मे १९७४मध्ये वेगवेगळी जाळी जोडण्याचा जो आराखडा प्रसिद्ध केला, त्यातही हमी टोकांकडेच होती. कारण उपग्रह, रेडिओ, तारा अशी नाना तऱ्हांची जाळी जोडायची असतील, तर प्रत्येकाकडून कमीत कमी अपेक्षा ठेवायला हवी. जे काहीच वचन देत नाही त्यात कोणालाही सामील होता येतं.

हमीचं काम टीसीपी करतं. दोन टोकं आधी तीन छोट्या संदेशांत एकमेकांशी संपर्क जुळवतात, मग प्रत्येक बाइटला क्रमांक असतो, पलीकडून पोच येते, आणि ठरावीक वेळात पोच आली नाही तर तुकडा पुन्हा पाठवला जातो. मला वाटलं, इथे गोष्ट संपली. पण त्यापुढे ऑक्टोबर १९८६ आहे.

त्या महिन्यात कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यामधला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर आला. सुमारे आठशे पट घसरण, आणि दोन ठिकाणांत अंतर ४०० यार्डांचं. काहीही तुटलं नव्हतं. गर्दीमुळे पोच उशिरा येई, संगणकांना वाटे तुकडा हरवला, ते पुन्हा पाठवत, गर्दी आणखी वाढे. प्रत्येक संगणक नियमाप्रमाणेच वागत होता. व्हॅन जेकबसन या संशोधकानं माइक कॅरल्सबरोबर यावर उपाय शोधला आणि १९८८मध्ये निबंध प्रसिद्ध केला. सुरुवात थोड्या तुकड्यांनी करायची, पोच येत गेली तशी संख्या वाढवायची, आणि तुकडा हरवला की तो गर्दीचा इशारा मानून स्वतःहून मागे सरायचं.

हे वाचताना मी पुस्तक खाली ठेवलं. मध्ये कोणी हवालदार नाही, कोणाला किती जागा हे वाटून देणारं कार्यालय नाही. मधलं जाळं काही बोलतही नाही, फक्त तुकडे टाकतं. आणि टोकांवरचे संगणक त्या गळतीवरून ओळखतात की आता हात आखडता घ्यायला हवा. इंटरनेट त्यानंतर कितीतरी पट वाढलं. पद्धतीत सुधारणा झाल्या, पण स्वतःहून मागे सरण्याचं तत्त्व टिकलं. मला ही विसाव्या शतकातल्या मोठ्या कल्पनांपैकी एक वाटते, आणि शाळा-महाविद्यालयांत तिचं नावही कोणी घेत नाही याचं वाईट वाटतं.

मार्ग शोधणारं ट्रेसराउट हे साधनही याच जेकबसनचं. प्रत्येक तुकड्यावर एक आकडा असतो, प्रत्येक राउटर तो एकानं कमी करतो, आणि शून्य झाला की तुकडा टाकून पाठवणाऱ्याला तसं कळवतो. मुद्दाम एक, दोन, तीन असे आकडे घालून तुकडे सोडले की वाटेतले राउटर एकेक करून उत्तर देऊ लागतात. मी परदेशातल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयापर्यंतचा मार्ग पाहिला. मुंबईपर्यंत वेळेचे आकडे लहान, आणि त्यापुढच्या एका टप्प्यावर एकदम शंभर मिलिसेकंदांच्या वर. तिथे समुद्र लागला होता. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, त्यामुळे इतका वेळ लागणं अटळ आहे. ३० जानेवारी २००८ला इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातल्या केबल तुटल्या तेव्हा भारतातलं इंटरनेट बरंच मंदावलं, पण बंद पडलं नाही. तुकडे दुसऱ्या बाजूच्या केबलनी वळसा घालून गेले.

नेटवर्किंग शिकवणाऱ्या प्राध्यापकांना माझी विनंती आहे. सात थर पहिल्या तासाला सांगू नका. मुलांच्या हातात केबल आणि क्रिम्पिंगची पक्कड द्या, वायरशार्कमध्ये त्यांना एक प्रश्न आणि एक उत्तर दाखवा, आणि १९८६ची गोष्ट सांगा. जेकबसनचा निबंध द्वितीय वर्षाच्या मुलांना शिक्षकाच्या मदतीनं वाचता येईल. थरांचा तक्ता त्यानंतर फळ्यावर काढला तरी चालेल. आमच्या ग्रंथालयात एक जुना चालू स्विच आणि केबलचे तुकडे मी यासाठी बाजूला काढले आहेत. आसपासच्या कोणत्याही शिक्षकाला वर्गात न्यायचे असतील तर रजिस्टरमध्ये सही करून न्यावेत.